केळीला हिव वाजतं तेव्हा

खानदेश म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? ऊन! जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या बातम्या दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. पण याच खानदेशात डिसेंबर-जानेवारीत पहाटे अंगणात पाय ठेवला, तर फरशी बर्फासारखी लागते. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात तापमान मोजायचं केंद्र आहे. तिथे काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. मे महिन्यात पंचेचाळीस आणि डिसेंबरात पाच. एकाच घराला नि एकाच बागेला दोन्ही सोसायचं असतं! म्हणून दिवाळी आटोपली, की आमच्याकडे थंडीची तयारी सुरू होते.

आधी एक प्रश्न. इतकी थंडी येते कुठून? तिकडे हिमालयात बर्फ पडला, की उत्तरेकडून कोरडे गार वारे वाहू लागतात. सातपुडा मध्ये उभा आहे खरा, पण तो त्यांना पुरता अडवू शकत नाही. शिवाय या दिवसांत आभाळ निरभ्र असतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर आकाशात सोडून देते. ढग असले, तर त्यातली बरीच उष्णता परत खाली येते. ढग म्हणजे जमिनीची गोधडीच! ती गोधडी काढून घेतली, की पहाटेपर्यंत जमीन गारठते. गार हवा जड असते, म्हणून ती ओढ्या-नाल्याच्या सखल भागात साचते. गावातल्यापेक्षा नाल्याकाठच्या मळ्यात जास्त गारठा का, ते आता कळलं ना?

खोटं वाटत असेल, तर करून पाहा. रात्री स्टीलची एक ताटली मोकळ्या अंगणात ठेवा आणि दुसरी दाट झाडाखाली. सकाळी कोणती ताटली दवानं जास्त भिजली आहे ते बघा. डोक्यावर काहीतरी छत असणं किती मोलाचं, ते ताटली सांगेल.

आता घराकडे वळू. खानदेशातली जुनी घरं धाब्याची. जाड मातीच्या भिंती, वर लाकडाच्या कड्या, त्यावर काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. अशी भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री हळूहळू ऊब सोडते. उन्हाळ्यात तीच घर गार ठेवते. आता बऱ्याच गावांत पत्रे आले, स्लॅब आले. पत्र्याचं घर दिवसा तापतं आणि अंधार पडताच गारठतं. पहाटे आतून पत्र्याला पाणी सुटतं नि थेंब थेंब अंथरुणावर पडतं. माझ्या वर्गातली काही मुलं हिवाळ्यात पेंगत पेंगत शाळेत येतात, त्याचं एक कारण हेही आहे.

पत्र्याच्या घराला फार खर्च न करता ऊब देता येते. भिंत आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत जुनी पोती, गोणपाट ठासून भरायचं. उत्तरेकडच्या खिडकीला आतून जाड पडदा लावायचा. दाराखालच्या फटीशी चिंध्यांची वळकटी ठेवायची. अंथरुणाखाली पोतं किंवा चटई घालायची, कारण थंडी वरून येते तशी खालूनही येते. गोधड्या दुपारच्या कडक उन्हात टाकायच्या. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवलेली आजीची गोधडी विकतच्या ब्लँकेटपेक्षा उबदार का वाटते? त्या थरांच्या मधे हवा अडकून बसते, आणि अडकलेली हवा उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही.

गोठ्यालाही विसरायचं नाही. गायी-म्हशींच्या खाली कोरडा पालापाचोळा पसरायचा, वासरांच्या पाठीवर गोणपाटाची झूल बांधायची आणि वाऱ्याच्या बाजूला पऱ्हाट्यांचा कुड उभा करायचा.

एक गोष्ट मात्र मी वर्गात दरवर्षी दोनदा सांगते. दारं-खिडक्या बंद करून खोलीत शेगडी किंवा पेटते निखारे ठेवून झोपायचं नाही. कधीच नाही! हवा कमी पडली, की निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातला जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जागसुद्धा येत नाही. लहानशा बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर लावला, तर तोच धोका. शेकोटी अंगणात करावी, तिच्याभोवती गप्पा माराव्या, आणि झोपायला आत जाताना ती तिथेच विझवावी. घरात हे मोठ्यांना तुम्हीच सांगा. मुलांनी सांगितलेलं मोठी माणसं कधी कधी जास्त ऐकतात!

आता बाग. परसबागेतल्या कुंड्या सोप्या. संध्याकाळी त्या भिंतीलगत, पत्र्याच्या किंवा पडवीच्या आडोशाला सरकवा. तुळस थंडीत काळवंडते. तिच्याभोवती चार काठ्या रोवून वर जुनं धोतर किंवा साडी टाका. कापड पानांना चिकटू देऊ नका आणि ऊन आलं की काढून ठेवा, नाहीतर तुळस ऊन कधी घेणार? वांगी, मिरची यांच्या बुंध्याशी पाचट नाहीतर वाळका पाला पसरा. पाणी सकाळी द्या. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते.

पण जळगाव जिल्ह्यात बाग म्हटलं की ती केळीची! रावेर, यावल, चोपडा इकडे मैलोन् मैल केळीच आहे. इथल्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ही केळी मूळची उष्ण, दमट प्रदेशातली, आग्नेय आशियाकडची. थंडीची तिला सवयच नाही. पारा दहा अंशांच्या आसपास आला, की तिची वाढ जवळजवळ थांबते. मुळं अन्न-पाणी नीट ओढत नाहीत. पानं पिवळी पडून कडेनं करपतात. आमच्याकडे म्हणतात, ‘केळीवर चरका आला.’ घड बाहेर पडायच्या वेळीच थंडी पडली, तर तो झाडाच्या गळ्यातच अडकतो. बाहेर आलेल्या घडाची केळी बारीक राहतात आणि सालीवर तांबूस-काळपट रेषा उमटतात. आत गर चांगला असला तरी व्यापारी भाव पाडतो. वर्षभर खतं, पाणी, मजुरी घातलेली असते. चार-पाच रात्रींच्या थंडीत ते सगळं वाया जायची भीती. केळीवाल्या घरात जानेवारीत मोबाइलवर सगळ्यात आधी हवामान बघतात, ते यामुळे.

मग शेतकरी काय करतो? बागेच्या कडेनं शेवरी नाहीतर गजराज गवत दाट लावतो, म्हणजे गार वारा थेट आत शिरत नाही. घडांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवतो. पूर्वी वाळलेल्या पानांनीच घड झाकायचे, अजूनही कुठे कुठे झाकतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेल्या केळीला इकडे कांदेबाग म्हणतात. तिची रोपं थंडीत अगदी लहान असतात. त्यांना हल्ली पांढऱ्या पातळ कापडाच्या टोप्या घालतात. लांबून पाहिलं तर शेतात शाळेची प्रार्थना चालली आहे असं वाटतं!

आणि पाणी. थंडीच्या रात्री बागेला पाणी द्यायचं, हे ऐकून तुम्ही चकित व्हाल. पण पहाटे विहिरीचं पाणी हाताला कोमट लागतं की नाही? खोल जमिनीतलं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही, म्हणून ते पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतं. ते मातीत गेलं की मुळांना ऊब मिळते. यात कष्ट मात्र फार. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत येते. मग कुणाचे तरी बाबा, काका मफलर गुंडाळून, हातात बॅटरी घेऊन अंधारात मोटार चालू करायला जातात. बिबट्याची भीती असते ती वेगळीच.

आणखी एक उपाय म्हणजे पहाटे बागेत काडीकचरा पेटवून धूर करणं. पिढ्यान् पिढ्या हे चालत आलं आहे. पण धुराचे कण इतके बारीक असतात, की जमिनीतून निघून जाणारी उष्णता त्यांना फारशी अडवता येत नाही. थोडीफार ऊब मिळते ती जाळाची. मला विचाराल तर तोच पालापाचोळा बुंध्याशी पसरलेला बरा. धुरानं म्हाताऱ्यांना खोकला होतो आणि दम्याच्या मुलांचे हाल होतात.

सरकारच्या फळपीक विम्यातही केळीची थंडी मोजली आहे. अलीकडच्या वर्षांतल्या नियमांप्रमाणे, हिवाळ्यात सलग ३ दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली राहिलं, तर भरपाई मिळते. दोन दिवस ७ अंश आणि तिसऱ्या दिवशी ९ झालं, तर नाही. झाडाला हा हिशोब कळत नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

गंमत बघा, शेजारच्या शेतातल्या गव्हाला नि हरभऱ्याला हीच थंडी हवीहवीशी असते. थंडी चांगली पडली तर गव्हाची ओंबी भरते. एकाच बांधाच्या एका बाजूचा शेतकरी म्हणतो, ‘पडू दे’, तर दुसऱ्या बाजूचा म्हणतो, ‘पुरे झालं आता.’ कधी कधी दोन्ही शेतं एकाच माणसाची असतात!

केळीला थंडी कशी बाधते, हे तुम्हाला घरबसल्या पाहायचं असेल तर एकाच फणीतली दोन केळी घ्या. एक फ्रिजमध्ये ठेवा, एक बाहेर. तीन-चार दिवसांनी दोन्हींच्या साली शेजारी ठेवून बघा. आणि जवळ केळीची बाग असेल, तर मालकाला विचारून एका झाडाच्या सगळ्यात नव्या पानाच्या देठाला लाल दोरा बांधा. वहीत तारीख लिहा. ऊबदार दिवसांत आठवड्या-दहा दिवसांत पुढचं पान येतं. जानेवारीत किती दिवस लागले, ते मोजा. मार्चमध्ये पुन्हा मोजा.