निकदेमाचा प्रश्न

निकदेम नांवाचा यहुदी अधिकारी रात्रीं येशूकडे आला. नव्यानें जन्मल्यावांचून देवाचें राज्य दिसत नाहीं, हें ऐकून तो गोंधळला. म्हातारा मनुष्य पुन्हां जन्मणार कसा? परंतु हा जन्म देहाचा नव्हे, आत्म्याचा.

सत्य पटणें निराळें, पत्करणें निराळें. नेसरीहून फार दूर नसलेल्या बेळगांवीं १८३१ सालीं जन्मलेल्या बाबा पदमनजींना ख्रिस्ताची शिकवण मिशनच्या शाळांत शिकतांना पटूं लागली. पण घर, जात, आप्त यांचे पाश तुटेनात. (ते कांहीं हलके नसतात!) मुंबईच्या परमहंस सभेंतही ते वावरले. अखेर १८५४ मध्यें बेळगांवांतच त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आत्मचरित्रास त्यांनीं ‘अरुणोदय’ हें नांव दिलें, तें यथार्थच; अंधार एकदम फिटला नव्हता. १८५७ मध्यें ‘यमुनापर्यटन’ लिहून त्यांनीं विधवांचें दुःख लोकांपुढें मांडलें.