तिटकाऱ्याच्या मुळाशी केस

इंग्रजीत नावडीच्या पायऱ्या पुष्कळ आहेत. 'डिसलाइक' म्हणजे नुसती नावड, 'हेट' म्हणजे द्वेष. 'अभॉर' मात्र वेगळ्याच जातीचं क्रियापद. क्रौर्य, ढोंग, वंशद्वेष असल्या गोष्टींसाठी ते राखून ठेवलेलं असतं. दुधी भोपळ्यासाठी कुणी वापरलंच, तर थट्टेने. द्वेष करणारा एखादे वेळी अंगावर धावून जाईल, पण अभॉर करणाऱ्याला त्या गोष्टीच्या वाऱ्यालाही उभं राहवत नाही. आपली 'शिसारी' याच्या बरीच जवळ जाते.

हे मागे सरणं त्या शब्दाच्या घडणीतच आहे. पंधराव्या शतकात इंग्रजीने तो लॅटिनच्या 'अब्‌होर्रेरे'वरून घेतला. त्यातला 'अब्' म्हणजे दूर. आणि 'होर्रेरे' म्हणजे? भयाने थरथरणं, हा त्याचा अर्थ पुढचा. मुळात होर्रेरे म्हणजे केसांसारखं ताठ उभं राहणं, राठ आणि काटेरी होणं. भाल्यांनी गच्च भरलेली रणभूमी असो की कणसांनी भरलेलं शेत, रोमन कवींना दोन्हींसाठी हेच क्रियापद चालत असे. त्याच कुळातला 'हॉरिड' हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत उतरला, तेव्हा तोही आधी 'राठ, केसाळ' याच अर्थाने वावरत होता. तेव्हा अभॉर करणं म्हणजे अंगावर काटा येऊन मागे सरणं. एवढ्या तात्त्विक, गंभीर क्रियापदाच्या पोटात निव्वळ त्वचेची हालचाल!

पण खरा चमत्कार पुढेच आहे. ज्या प्राचीन धातूतून लॅटिनला हे होर्रेरे मिळालं, त्याच धातूतून संस्कृतला 'हृष्' मिळाला, आणि त्यातून निघाला हर्ष. एका घराण्यात हॉरर आणि हर्ष!

नुसत्या ध्वनिसाम्यावर असली नाती जुळवायची नसतात, नाहीतर काहीही कशालाही जोडता येईल. इथे नियम सापडतात. लॅटिनच्या 'ह'समोर संस्कृतात 'ह' येतो: हिवाळ्याला लॅटिनमध्ये 'हिएम्स', संस्कृतात हिम आणि हेमंत. आणि संस्कृतात जिथे 'र्ष' असतो, तिथे लॅटिनमध्ये जोडीचा 'र्र' मिळतो. संस्कृत 'तर्ष' म्हणजे तहान, लॅटिन 'तोर्रेरे' म्हणजे सुकवणं, भाजणं. न्याहारीचा टोस्ट याच तोर्रेरेच्या वंशातला, म्हणजे तृषा आणि टोस्ट हेही दूरचे नातलग निघाले. जसं तर्ष आणि तोर्र, तसंच हर्ष आणि होर्र.

मग एकाच मुळातून इतके उलट अर्थ कसे फुटले? उत्तर आपल्या कातडीत आहे. जवळपास प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो. तो आखडला की केस ताठ होतो आणि भोवतालची त्वचा उचलली जाते. हा स्नायू आपल्या इच्छेने हलत नाही. त्याची सूत्रं अनुकंपी मज्जासंस्थेकडे असतात. थंडी, भय, किळस, एखादी काळजाला भिडणारी तान, कारण काहीही असो, स्नायू एकच काम करतो. डार्विननेही 1872 साली भावनांच्या आविष्कारावर लिहिलेल्या ग्रंथात प्राण्यांच्या केस फुलारण्याचा सविस्तर विचार केला आहे. जुन्या धातूने नोंदवली होती ती एवढी दिसणारी खूण. तिच्यामागची भावना कोणती, हे भाषांनी नंतर आपापलं ठरवलं. लॅटिनने भय आणि तिटकारा उचलला, संस्कृतने मुख्यतः आनंद.

मुख्यतः म्हणायचं कारण, संस्कृतने दुसरी बाजू पुरती सोडली नाही. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात समोर स्वजन पाहून खचलेला अर्जुन आपल्याला 'रोमहर्ष' होत असल्याचं सांगतो; तिथे आनंद औषधालाही नाही. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून त्याच अर्जुनाचे केस पुन्हा उभे राहतात, तेव्हा तो 'हृष्टरोमा' असतो, विस्मयाने भारलेला. आपली वृत्तपत्रं शेवटच्या चेंडूपर्यंत ताणलेल्या सामन्याला 'रोमहर्षक' म्हणतात. जिंकलेल्यांचा तो हर्ष, हरलेल्यांचा काय म्हणावा?

आयुर्वेद तर या बाबतीत अगदीच निर्विकार. सुश्रुतसंहितेतल्या दंतरोगांत एक आहे 'दंतहर्ष': दातांना थंड पाणी किंवा नुसता स्पर्शही सोसत नाही, चटकन कळ जाते. हा हर्ष ज्याला होतो, तो वैद्याकडे जातो.