बैलगाडीची समजूत आणि महामार्गाचा वेग

बडनेरा सोडून एसटी अकोल्याच्या रस्त्याला लागते. दारापाशी दाटी झालेली असते आणि कंडक्टर ‘समोर चला, समोर’ म्हणून ओरडत असतो. कोणी जागचे हलत नाही. तेवढ्यात म्हैस आडवी येते, ड्रायव्हर कचकन ब्रेक दाबतो आणि सगळे प्रवासी, कंडक्टरसह, आपोआप समोर जातात. ‘धक्का बसला’ असे आपण म्हणतो. पण धक्का दिला कोणी? मागून कोणी ढकलले नाही, सीटनेही नाही. झाले एवढेच की बस हळू झाली, बसच्या फरशीने तुमचे पाय धरून ठेवले आणि कमरेच्या वरचे शरीर मघाच्याच वेगाने पुढे जात राहिले.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा गतीच्या नियमांचा आहे. त्यातला पहिला नियम एवढेच सांगतो, की बाहेरून बल लागत नाही तोवर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने, त्याच सरळ रेषेत चालत राहते. वस्तूच्या या हट्टीपणाला जडत्व म्हणतात. परीक्षेपुरता नियम सगळ्यांचा पाठ होतो, पण मनातून तो फारसा कोणाला पटत नाही.

यात विद्यार्थ्याची चूक नाही. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत बैलगाडी चालवून पाहा. बैल थांबले की गाडी थांबते. वंगण संपलेल्या चाकाची गाडी तर बैल थांबायच्या आधीच कुरकुरू लागते. म्हणजे ओढत राहिले तरच वस्तू चालते, असेच कोणालाही वाटेल. ॲरिस्टॉटलसारख्या बुद्धिमान माणसाचेही हेच मत होते आणि ते जवळपास दोन हजार वर्षे टिकले. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गॅलिलिओने उतरत्या फळ्यांवरून गोळे सोडून पाहिले. पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितका गोळा लांब जातो हे त्याच्या लक्षात आले. मग घर्षणच नसेल तर तो थांबेल कशाला? न्यूटनने 1687 साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात हाच विचार नियम म्हणून मांडला. बैलगाडी थांबते ती ओढ संपल्यामुळे नव्हे, माती आणि आस तिला थांबवतात म्हणून.

बैलगाडी तासाला चार-पाच किलोमीटर चालते. त्या वेगात जडत्वाची आठवण ठेवली नाही तरी बिघडत नाही. अडचण अशी, की आपल्या शरीराची गतीची समजूत अजून त्याच वेगाची आहे आणि रस्ता मात्र बदलला.

याच अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये लोणी ते मानादरम्यान 75 किलोमीटर एकपदरी डांबरीकरण सलग 105 तास 33 मिनिटांत झाले आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. 3 जूनच्या सकाळी सुरू झालेले काम 7 जूनच्या संध्याकाळी संपले. अंतराला वेळाने भागले तर सरासरी चाल तासाला साधारण 700 मीटर, म्हणजे सेकंदाला वीस सेंटिमीटर येते; बाळ रांगते साधारण तसे. त्याच डांबरावर आज गाड्या ताशी 100 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटरने धावतात. (पुस्तकात ‘चाल’ आणि ‘वेग’ वेगळे असतात, कारण वेगाला दिशा असते. समोरून ट्रक येतो तेव्हा ही दिशा फार महत्त्वाची ठरते. त्याकडे पुढे वळू.)

ड्रायव्हरला म्हैस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. ताशी 60 च्या वेगाने तेवढ्यात गाडी सतरा मीटर पुढे गेलेली असते आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर ती आणखी वीस मीटर जाते. एकूण सदतीस. आता वेग 100 करा. पहिल्या सेकंदातले अंतर अठ्ठावीस मीटर होते, ते प्रमाणातच वाढले. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर मात्र वीसवरून छप्पन्न मीटर होते. वेग पावणेदोनपटही झाला नाही, पण थांबण्याचे अंतर पावणेतीनपट झाले. कारण चालत्या वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ब्रेकला ती सगळी ऊर्जा घर्षणातून उष्णतेत बदलावी लागते. मृगाच्या पहिल्या सरीनंतर रस्त्यावर धूळ आणि तेलाचा राब झाला, की टायरची पकड कमी होऊन 60 च्या वेगालाच थांबायला पस्तीस मीटर लागू शकतात.

हीच ऊर्जा उंचीत मोजली तर लवकर पटते. ताशी 60 ने भिंतीवर आदळणे म्हणजे चौदा मीटर उंचीवरून, चार-पाच मजल्यांवरून पडणे. ताशी 100 म्हणजे एकोणचाळीस मीटर, तेरा मजले. गच्चीच्या कठड्याशी जपून उभा राहणारा माणूस या वेगाने मोबाइल पाहत गाडी चालवतो, कारण उंची डोळ्यांना दिसते आणि वेग दिसत नाही.

आता दुसरा नियम. वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात. हा संवेग जितक्या कमी वेळात बदलायचा, तितके जास्त बल लागते. चारचाकीत पुढच्या सीटवर आई बसलेली असते, मांडीवर दहा किलोचे मूल. ‘मी घट्ट धरले आहे’ असे ती मनापासून म्हणते. गाडी ताशी 50 ने जात असताना कशावर तरी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर त्या मुलाला थांबवायला सुमारे 1400 न्यूटन बल लागेल. म्हणजे साधारण 140 किलो वजन. सोयाबीनची पन्नास किलोची जवळपास तीन पोती अचानक दोन हातांवर टाकल्यासारखे. ते कोणत्याही आईला पेलणार नाही, आणि तिने स्वतः पट्टा लावला नसेल तर ती त्याच क्षणी मुलाच्या मागून पुढे फेकली जाते. मूल मागच्या सीटवर, त्याच्या वयाच्या आसनात पट्ट्याने बांधलेले असावे ही शहरी हौस नाही. मागे बसलेल्या मोठ्यांनाही हाच हिशेब लागू आहे.

तिसरा नियम सांगतो की क्रिया आणि प्रतिक्रिया सारख्याच असतात. दुचाकी ट्रकला धडकते तेव्हा दुचाकीवर जेवढे बल, तेवढेच ट्रकवर. मग ट्रकवाल्याला खरचटतही नाही ते का? दुचाकी आणि स्वार मिळून 200 किलो, ट्रक 20 टन, दोघेही ताशी 50 ने समोरासमोर येत आहेत आणि धडकेनंतर एकमेकांत अडकून पुढे जातात असे धरा. ट्रकचा वेग 49 होतो. त्याला फक्त एका किलोमीटरचा फरक पडतो. दुचाकीचा वेग मात्र दिशा बदलून उलटा 49 होतो, म्हणजे एकूण 99 चा फरक. बल दोघांवर सारखेच, पण वस्तुमान शंभरपट कमी असल्याने दुचाकीचे त्वरण शंभरपट. कापसाने भरलेली, मागे लाल परावर्तक नसलेली ट्रॉली रात्री रस्त्याच्या कडेला उभी असते, तेव्हाही हेच गणित चालते. कसूर कोणाचीही असो, त्यात हलक्याचेच जास्त जाते.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना वळणावर बाहेर फेकल्यासारखे होते, तेही पहिल्या नियमामुळेच. शरीराला सरळ जायचे असते, गाडी वळते. तिला वळवणारे बल टायर आणि रस्त्यामधल्या घर्षणातूनच येते आणि तेही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. पंधरा मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 30 ने गाडी निभावते. 40 ला कोरड्या रस्त्याचेही घर्षण पुरत नाही.

राहिला प्रश्न डोक्याचा. अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे आणि वऱ्हाडात कुस्तीचा आखाडा ठाऊक नसलेला माणूस विरळा. आखाड्याची माती खणून भुसभुशीत का करतात, हे कोणत्याही पैलवानाला विचारा. आपटलेला गडी त्या मातीत थोडा रुततो. थांबायला जास्त अंतर आणि जास्त वेळ मिळतो, म्हणून बल कमी होते.

हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा जाड थर म्हणजे डोक्याभोवतीचा आखाडाच आहे. उभ्या दुचाकीवरून नुसते कोसळले तरी डोके साधारण दीड मीटरवरून खाली येते. डांबरावर ते पाच मिलिमीटरमध्ये थांबले तर त्वरण गुरुत्व त्वरणाच्या सुमारे 300 पट होते. तो थर दोन सेंटिमीटर दबला तर तेच 75 पटीवर येते. दबणे हेच त्याचे काम असते. म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चकचकीत दिसले तरी बदलावे लागते, आणि आत असा थर नसलेली रस्त्याकडेची नुसती प्लास्टिकची टोपी चलान वाचवण्यापलीकडे उपयोगाची नसते. आयएसआय खुणेचे हेल्मेट घेतले, तरी हनुवटीखालचा पट्टा न लावणारे पुष्कळ असतात. हेल्मेटलाही जडत्व असते; पट्टा मोकळा असेल तर गाडी थांबताच ते डोक्याला सोडून पुढे जाते.