कायदा एक, अपिलाची वाट मात्र दूरची

नवी दिल्ली : ३० मे १९८७ पूर्वी गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. पणजीच्या विधानसभेत दमणचा एक आणि दीवचा एक आमदार बसत असे. त्या दिवशी गोवा घटकराज्य झाले. दमण व दीव केंद्राकडेच राहिले आणि तेथील जनतेने आमदार गमावला. या विभागणीचे पडसाद माहितीच्या अधिकारातही उमटले आहेत.

गोव्याने १९९७ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर तेथे राज्य माहिती आयोग स्थापन झाला. दमणलाही हाच कायदा लागू आहे. तीस दिवसांत उत्तर आणि त्यानंतर पहिले अपील, येथवर दोघांची वाट सारखीच. दुसरे अपील मात्र गोवेकर पणजीत करतो, तर दमणकराला दिल्लीतील केंद्रीय माहिती आयोगाकडे यावे लागते. कारण केंद्रशासित प्रशासनाच्या बाबतीत कायद्याने केंद्र सरकारलाच ‘समुचित शासन’ मानले आहे.

जम्मू-काश्मीरचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथील २००९ च्या कायद्यानुसार राज्य आयोगाला दुसरे अपील साठ, फार तर एकशेवीस दिवसांत निकाली काढणे बंधनकारक होते. २०१९ च्या पुनर्रचनेत तो कायदा आणि आयोग दोन्ही गेले. केंद्रीय कायद्यात दुसऱ्या अपिलाच्या निर्णयाला कालमर्यादाच नाही.

आठपैकी पाच केंद्रशासित प्रदेशांना विधानसभा नाही. अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, चंडीगड, लडाख आणि २०२० मध्ये एकत्र आलेले दादरा-नगर हवेली व दमण-दीव, या पाचांचे मिळून लोकसभेत अवघे सहा सदस्य आहेत. जेथे प्रशासकाला जाब विचारणारे सभागृहच नाही, तेथे नागरिकाचा साधा अर्ज हाच प्रश्नोत्तराचा तास ठरतो.

दूरदृश्य प्रणालीने होणाऱ्या सुनावणीमुळे प्रवास वाचतो, प्रतीक्षा वाचत नाही. केंद्रीय मंत्रालयांची आणि या प्रदेशांची अपिले जास्तीत जास्त अकरा आयुक्तांच्या एकाच आयोगापुढे येतात. वास्तविक, दिल्लीबाहेर कार्यालये उघडण्याची मुभा कलम १२(७) आयोगाला देते. केंद्र सरकारची पूर्वसंमती तेवढी लागते. त्यासाठी नवा कायदा नको, इच्छाशक्ती हवी.