उशीखालची नोट

शाळांच्या परीक्षा आटोपतात, किनाऱ्यावरचा उकाडा अंगावर येऊ लागतो आणि आपल्याकडील कुटुंबे घाट चढू लागतात. गोव्याची मंडळी चोर्ल्याच्या वळणांनी, सावंतवाडीकडची आंबोलीमार्गे, देवगड-कणकवलीकडची फोंडा घाटाने राधानगरीवरून निपाणीस. बेळगावचा किल्ला आणि त्यातील कमलबस्ती पाहावी, गोकाकचा धबधबा पाहावा (वैशाखात तेथे पाण्यापेक्षा कातळच अधिक दिसतो, हे ठाऊक असूनही लोक जातात), आडीच्या डोंगरावर दत्तदर्शन घ्यावे, सौंदत्तीच्या रेणुकेची ओटी भरावी आणि कुंद्याचे डबे घेऊन परतावे, असा हा ठरलेला कार्यक्रम असतो. दोन-तीन रात्रींचा मुक्काम अर्थातच लॉजवर.

या प्रवासाचा हिशेब मध्यमवर्गीय घरांत चोख ठेवला जातो, आणि त्यात बक्षिसीचेही एक कलम असते. गाडीच्या चालकाला इतके, वाढप्याला इतके, सामान उचलणाऱ्याला इतके, दारात सलाम ठोकणाऱ्या पहारेकऱ्याला इतके. परंतु ज्या खोलीत आपण तीन रात्री काढल्या, ती झाडणाऱ्या, तिच्या चादरी बदलणाऱ्या आणि तिचा संडास घासणाऱ्या माणसाच्या नावे त्या वहीत बहुधा एक पैही आढळत नाही. हे कृपणपणाने होते असे आम्हांस वाटत नाही. वाढपी समोर उभा असतो, पहारेकऱ्याचा हात कपाळाशी असतो, चालक तर दिवसभर सोबत असतो. खोली झाडणारी बाई वा तो पोऱ्या आपण किल्ला पाहावयास गेल्यावर येतो आणि आपण परतण्यापूर्वी गेलेला असतो. दृष्टीस न पडणे हाच त्या नोकरीचा पहिला नियम. जे दिसत नाही त्याला बक्षीस कोण देणार?

आणि काम तरी कसले? मोठ्या हॉटेलांत एका पाळीत बारा-पंधरा खोल्या एकेका माणसाच्या वाट्याला येतात. लहान लॉजवर सुट्टीच्या दिवसांत खोल्यांची मोजदादच राहत नाही, कारण एक कुटुंब सामान घेऊन जिना उतरत असते तेव्हा दुसरे चढत असते. गादी उचलून चादर खोचावयाची, ती एका दिवसात कित्येकदा. मोरीत वाकून घासावयाचे. फिनेलच्या वासात दुपार काढावयाची. आपण किनाऱ्यावरचे लोक त्यात आपली भर घालतोच. खोबरेल तेलाने माखलेली डोकी अभ्र्यावर जो ठसा उठवितात तो एका धुण्यात निघत नाही, हे आपल्या घरातील बायकांना आम्ही सांगावयास नको. दोघांच्या खोलीत सहा जण, जमिनीवर जादा गाद्या, चिवड्याचा चुरा, केळ्यांच्या साली, बेसिनमध्ये कोणा काकांच्या पानाची पिंक! घरी असे वागण्याची ज्यांची छाती होणार नाही, ते भाडे भरले की निर्धास्त होतात. खोलीचे भाडे हे खोली वापरण्याचे असते, विटाळण्याचे नव्हे.

तेव्हा द्यावे की न द्यावे, या प्रश्नाला आमचे उत्तर आहे की द्यावे. मात्र कसे द्यावे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे आणि त्याकडे आपले अगदीच दुर्लक्ष होते. काही सहृदय मंडळी निघताना उशीखाली पन्नासाची एखादी नोट ठेवून जातात. हेतू उत्तम, पण त्या नोटेचे पुढे काय होते? बेळगावातील एका लॉजवर आम्ही उतरलो असताना कचेरीतील मेजावर एक लांबट वही पाहिली. प्रवाशांच्या विसरलेल्या वस्तूंची ती नोंदवही होती. चार्जर, चष्मा, लहान मुलाचा बूट आणि मध्येच, अमुक क्रमांकाची खोली, रुपये पन्नास, उशीखाली. अशी नोंद एक नव्हे, पानागणिक दिसली. व्यवस्थापकांनी सांगितले की खोलीत सापडलेला पैसा खाली आणून द्यावयाचा, असा दंडकच आहे. तो चुकीचाही नाही. उद्या प्रवाशाने फोन करून पैसे राहिल्याची तक्रार केली, तर पहिला संशय कोणावर जाणार हे सांगावयास नको. म्हणजे प्रामाणिक नोकर आपल्याला मिळालेले बक्षीस आपल्याच हाताने वहीत जमा करतो, आणि अप्रामाणिक असेल तो मात्र ते खिशात घालतो. देणाऱ्याचे औदार्य असे उलटे फळते! या पैशाचे शेवटी काय होते, असे आम्ही विचारले, तेव्हा व्यवस्थापकांना दुसऱ्या फोनवर बोलावयाचे होते.

म्हणून पैसा हातात द्यावा. सकाळी बाहेर पडताना जिन्यात किंवा मधल्या वाटेवर बादली-खराटा घेऊन ती माणसे दिसतात. दोन मिनिटे थांबून, आमची खोली कोण करते, एवढे विचारावे. भेट होणारच नसेल तर नोट उशीखाली लपवू नये, मेजावर उघड ठेवावी आणि तिच्यासोबत कागदावर, हे खोली साफ करणाऱ्यांसाठी आहे, असे लिहून खोलीचा क्रमांक व तारीख घालावी. चिठ्ठी असली की ती नोट सापडलेली राहत नाही, दिलेली होते. शिवाय सारे शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नये. पाळ्या बदलतात, दोन दिवस आपला पसारा ज्याने आवरला त्याची तिसऱ्या दिवशी सुट्टी असावयाची आणि बक्षीस भलत्याच हाती पडावयाचे. रोजचे रोज दिलेले बरे. किती, असे कोणी विचारील. दीड-दोन हजार भाड्याच्या खोलीला रात्रीमागे पन्नास रुपये, आणि मुलेबाळे, जादा गाद्या व तेलकट डोकी असतील तर शंभर, असे आमचे मत आहे. ज्याला हे जड वाटते त्याने कुंद्याचा एक डबा कमी घ्यावा.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. नोकराला पगार देणे मालकाचे काम. तो बोजा प्रवाशाने का उचलावा? बक्षिसीची सवय लागली की मालक पगार वाढविणार नाही, ही भीतीही खोटी नाही. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांचा वाद १९७६ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. गिऱ्हाइकाने खुशीने दिलेली टिप म्हणजे मालकाने दिलेला पगार नव्हे, असे न्यायालयाने तेव्हा मानले. पुढे २०१६ साली आयटीसीच्या प्राप्तिकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच निकालाचा आधार घेऊन टिप ही वेतनात मोडत नाही, असे पुन्हा सांगितले. कायदा येथे निःसंदिग्ध आहे. अमेरिकेत मात्र उलटा प्रकार झाला. तेथील संघीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतः द्यावयाची किमान रोख मजुरी १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंट एवढीच आहे. उरलेली किमान मजुरी टिपांतून भरून निघावी, न निघाल्यास मालकाने भरावी, असा हा हिशेब. गिऱ्हाइकाची खुशी तेथे मालकाच्या जमाखर्चात शिरली. तिकडून सुट्टीवर येणारे आपले भाचे-पुतणे तेथे मुकाट्याने डॉलर ठेवतात आणि येथे आल्यावर, आपल्याकडे ही पद्धत नाही, असे म्हणतात, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटते.

आपल्याकडे निराळी पळवाट निघाली होती. बिलातच सेवाशुल्क म्हणून पाच-दहा टक्के लावावयाचे आणि नोकरांच्या नावाने वसूल करावयाचे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये असे शुल्क आपोआप लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मनाई वैध ठरविली. हे योग्यच झाले. पण ते शुल्क चालू होते तेव्हाही खोली झाडणाऱ्या बाईच्या पदरात त्यातले किती पडत होते, ही शंका आहेच. ती बाई पुष्कळदा हॉटेलची नोकरही नसते. सफाईचे कंत्राट घेणाऱ्याने पाठविलेली असते. कचेरीतील बक्षिसांच्या पेटीत वाढप्याचा वाटा असतो, स्वयंपाक्याचा असतो, कंत्राटी बाईचा असेलच असे नाही. पेटीत टाकण्यापूर्वी तेवढे विचारावयास काय हरकत आहे?

पगार आणि मेहेरबानी यांतला फरक निपाणीच्या मुलखाला कोणी शिकवावा असे नाही. तेथील तंबाखूच्या वखारींत धुरळ्यात बसून काम करणाऱ्या बायकांनी प्रा. सुभाष जोशी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने संघटना उभारली. युगांतर या चित्रपटगटाने त्या लढ्यावर १९८२ साली माहितीपटही केला. त्या बायकांनी मालकाकडे दिवाळीची पोस्त मागितली नाही. ठरलेली मजुरी मागितली आणि माणसासारखी वागणूक मागितली. याच निपाणीत १९२५ च्या एप्रिलात डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली होती. पुढे १९२८ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात वतनाविषयीचे विधेयक मांडले, त्यामागे हेच दुखणे होते. काम सक्तीचे आणि मोबदला मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला, अशी ती व्यवस्था होती. घरोघर फिरून मिळणारी शिळी भाकरी हे वेतनही नव्हते आणि दानही नव्हते. बक्षिसी देताना आपला हात त्या जुन्या सवयीने वर राहतो की समोर राहतो, हे ज्याचे त्याने पाहावे. नोट दोन बोटांत धरून पलंगावर भिरकावणारे सद्गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. देवळाच्या अग्रशाळेत उतरल्यावर हेच गृहस्थ भटजींना दक्षिणा देताना उजव्या हाताला डावा हात लावतात.

सफाईचे काम आणि मान यांचा संबंध याच बेळगावात एकदा उघडपणे मांडला गेला होता. डिसेंबर १९२४ मध्ये येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले; गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले असे ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची सारी सिद्धता केली. हजारो माणसांच्या त्या तात्पुरत्या नगरीत संडास-सफाईचे काम काका कालेलकरांनी अंगावर घेतले, आणि त्यांच्या स्वयंसेवकांत ब्राह्मण तरुणही होते. कालेलकरांचे घराणे मूळचे आपल्या सावंतवाडीकडचे. पाहुण्यांचा मैला उपसण्यात कमीपणा नाही, हे दाखविण्यासाठी त्यांनी तेव्हा पदर खोचला. अधिवेशनाची शताब्दी २०२४ मध्ये थाटाने साजरी झाली. भाषणेही पुष्कळ झाली. त्यासाठी आलेल्या पाहुण्यांच्या खोल्या कोणी झाडल्या, हे कोणत्याही अहवालात आमच्या वाचनात आले नाही.

भाषेची अडचण मात्र कोणी पुढे करू नये. या भागात पाट्यांवरून रणे माजतात, सीमावादाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे आणि त्या प्रश्नावर आमचे मत वाचकांना ठाऊक आहे. पण खोलीच्या दाराशी बादली घेऊन उभी असलेली बाई मराठी बोलणारी असेल वा कन्नड, तिला ‘अक्का’ म्हटले की ती वळून पाहते. थोरल्या बहिणीसाठी हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच चालतो. ‘धन्यवाद’ही दोहोंकडे कळतो. तिचे नाव विचारावे आणि मुलांच्या देखत विचारावे. नोट मुलांच्या हातून द्यावी असे काही जण सुचवितात. आम्हांस ते तितकेसे पसंत नाही. आठ वर्षांच्या पोराने पन्नाशीच्या बाईला बक्षीस द्यावे यात काहीतरी खटकते. मोठ्यांनी द्यावे, पोरांनी पाहावे, आणि निघण्यापूर्वी साली व कागद पोरांनीच उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकावेत.

अलीकडे सुट्या नोटा खिशात नसतात, ही सबब पुढे येते. चहाच्या टपरीवर दहा रुपये फोनवरून देणाऱ्यांनी ती सांगू नये. त्या बाईजवळ फोन असला तर तिच्या स्वतःच्या खात्यावर पैसे पाठविता येतात. नसला तर घाटाखालच्या पेट्रोल पंपावरच शंभराच्या दोन नोटा मोडून घ्याव्यात. लॉजमालकांकडेही आमचे एक मागणे आहे. खोलीच्या दारामागे भाड्याचा तक्ता, खोली सोडण्याची वेळ आणि ‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमची नाही’ ही सूचना लावलेली असते. तेथेच, ही खोली आज कोणी साफ केली त्याचे नाव, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत लिहिण्यास कितीसा खर्च येईल? खाली दिलेले पैसे त्यालाच मिळतात, अशी एक ओळही घालता येईल. ती खरी असली म्हणजे झाले.

तोवर चिठ्ठीवरच भागवावे लागेल. ज्या लॉजवर आम्ही ती वही पाहिली तेथे खोलीत साबणाची वडी होती, दोन पंचे होते, पाण्याच्या बाटल्या होत्या. लिहावयास कागद मात्र नव्हता. तो घरूनच न्यावा, आणि पेन्सिलही.