सावलीची कड

काशीच्या अहिल्याबाई घाटावर उतरलेला मराठी माणूस होळकरांचा वाडा डोळे भरून बघतो, दशाश्वमेधावर आरतीला थांबतो आणि परततो. गंगा उजव्या हाताला ठेवून आणखी थोडं चाललं की मानमंदिर घाट लागतो. तिथल्या जुन्या महालाच्या गच्चीवर सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात वेधशाळा उभारली. बारीक मोजणं निराळं आणि बरोबर मोजणं निराळं, हे त्या गच्चीवर डोळ्यांना दिसतं.

तिथलं सम्राट यंत्र म्हणजे एक तिरकी भिंत आणि तिच्या दोन्ही अंगांना खुणा केलेले वक्र कट्टे. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या कट्ट्यावर असते, माध्यान्हीला ती भिंतीच्या पायाशी येते आणि मग पूर्वेचा कट्टा चढू लागते. भिंतीचा चढ सुमारे 25 अंश 18 कला, म्हणजे काशीचाच अक्षांश, त्यामुळे तिची वरची कड थेट ध्रुवाकडे रोखलेली. हेच यंत्र साडेअठरा अंशांवरच्या पुण्यात आणून ठेवलं, तर खुणा तेवढ्याच बारीक राहतील, पण माध्यान्ह सोडली तर वेळ चुकेल. प्रिसिजन आणि अ‍ॅक्युरसी यांत शास्त्रज्ञ भेद करतात तो हाच.

पितळी यंत्रं झिजतात, त्यांचे आस हलतात, म्हणून जयसिंहाने दगडचुना पसंत केला. यंत्र मोठं, तर खुणा बारीक. जयपूरच्या प्रचंड सम्राट यंत्रावर सावली मिनिटाला सुमारे 6 सेंटीमीटर सरकते. खुणा दोन सेकंदांपर्यंतच्या आहेत.

पण सूर्य हा बिंदू नाही. आकाशात त्याचं बिंब अर्धा अंश रुंद दिसतं आणि तेवढं अंतर जायला त्याला दोन मिनिटं लागतात. म्हणून सावलीची कड धूसर असते आणि यंत्र कितीही मोठं केलं तरी ही धूसरता दोन मिनिटांचीच राहते! खुणा वाढतात, कड उजळत नाही. यावरचा उपाय मला यंत्राइतकाच थोर वाटतो: त्या धूसर पट्ट्यात एक बारीक दोरा धरायचा आणि हळूहळू सरकवायचा. दोऱ्याची स्वतःची सावली जिथे भिंतीच्या सावलीत विरून जाते, तिथे वाचायचं. दोन मिनिटांचा गोंधळ काही सेकंदांवर येतो.

नागपुरात गणित शिकलेले बापूदेव शास्त्री 1842 पासून काशीच्या संस्कृत कॉलेजात शिकवत. मानमंदिरातल्या यंत्रांचं वर्णन त्यांनी लिहून ठेवलं. पंचांगाचं गणित आकाशाशी जुळलंच पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

घड्याळाशी ताळा मात्र जपून घ्यावा. काशी 83 रेखांशावर आणि आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशीची, त्यामुळे दोन मिनिटं तिथेच पुढे. त्यात सूर्याची चाल वर्षभर सारखी नसते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हे यंत्र मनगटावरच्या घड्याळापेक्षा सुमारे 18 मिनिटं पुढे असतं, फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे 12 मिनिटं मागे. दोन्ही वेळा ते बरोबरच असतं.