राज्य कोणावर?

सुट्टी लागली, की घरोघरी शिबिरांचे वेळापत्रक तयार होते. सकाळी पोहणे, दुपारी चित्रकला, सायंकाळी क्रिकेटचे प्रशिक्षण. प्रत्येकासाठी वेगळा गणवेश, वेगळी पिशवी आणि वेगळे शुल्क. मुलांनी खेळावे ही पालकांची इच्छा प्रामाणिक असते. परंतु खेळण्यासाठी आधी काहीतरी विकत घ्यावे लागते आणि कोणीतरी शिकवावे लागते, अशी समजूतही त्या इच्छेबरोबर घरात शिरली आहे. जमाखर्च मांडण्याची सवय असलेल्या व्यापारी कुटुंबांनी एकदा खेळांचाही ताळेबंद पाहावा. सर्वांत लाभदायक खेळांच्या खर्चाचा रकाना कोराच आढळेल.

लंगडीला एक पाय पुरतो. लपंडावाला चार आडोसे लागतात. डोंगर-पाणी खेळायला घराच्या पायऱ्या हाच डोंगर आणि समोरची फरशी हेच पाणी. विषामृतात ज्याला ‘विष’ मिळाले तो जागीच थिजतो आणि सवंगड्याने ‘अमृत’ देताच पुन्हा धावू लागतो. एवढ्यावर तासभर निघून जातो. ठिक्करसाठी फुटक्या कौलाचा तुकडा आणि खडूची एक कांडी, तर लगोरीसाठी सात चपट्या ठिकऱ्या आणि चिंध्यांचा चेंडू पुरे. वाड्याचे अंगण राहिले नसेल, तर सोसायटीतील वाहनतळाची मोकळी बाजू, धर्मशाळेचे आवार किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शांत झालेली बाजारपेठेची गल्लीही चालते.

मुलांचे कायदेकानून

या खेळांची खरी किंमत त्यांच्या स्वस्तपणात नाही. ती खेळाआधीच्या आणि मधल्या बोलाचालीत आहे. ‘राज्य कोणावर?’ हा पहिला प्रश्न. तो सोडवण्यासाठी मुले चकतात. हात एकत्र येतात, कोणाचा पालथा पडतो, कोणाचा उताणा. वेगळा पडलेला सुटतो. शेवटी दोघेच उरले, की सुटलेल्यांपैकी एक जण निवाड्यासाठी पुन्हा हात मिसळतो. धाकटा असो वा थोरला, मालकाचा मुलगा असो वा मुनीमजींचा, निकाल सर्वांना सारखाच लागू होतो.

चार वर्षांची धाकटी बहीण हट्टाने खेळात आली, तर तिला ‘कच्चा लिंबू’ ठरवले जाते. ती धावते, पकडली जाते. पण तिच्यावर राज्य येत नाही. दुर्बलाला बाहेर न ठेवता खेळात सामावून घेण्याची ही युक्ती कोणत्याही शिक्षकाने शिकवलेली नसते. कोणाला ठेच लागली, चपलेचा पट्टा तुटला, की तो ‘टाइमप्लीज’ म्हणतो आणि सारा खेळ त्या शब्दाला मान देऊन थांबतो. पकडले जाऊनही जो कबूल करत नाही, त्याच्या खेळण्याला ‘रडीचा डाव’ म्हणतात. त्याला शिक्षा कोणी करत नाही. मात्र दुसऱ्या दिवशी गट पाडताना त्याला कोणी आपल्याकडे घेत नाही. बाजारात जिला ‘पत’ म्हणतात, ती कशी मिळते आणि कशी जाते, हे मूल पेढीवर बसण्याच्या कितीतरी आधी येथे शिकते.

शिट्टी घेतलेला प्रशिक्षक मैदानावर आला, की यातील बहुतेक निर्णय त्याच्या हाती जातात. प्रशिक्षणाचे स्वतःचे मोल आहेच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले नसते, तर २०२५ मध्ये दिल्लीत त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली नसती. पण नियम पाळणे आणि नियम ठरवणे ही दोन वेगळी शिक्षणे आहेत. ज्या मुलाचे प्रत्येक भांडण मोठ्यांनी मिटवले, त्याच्यावर पुढे भागीदारांतील मतभेद मिटवण्याची वेळ आली, तर तो कोणाकडे पाहील?

डोळ्यांना आणि अंगाला

उघड्यावर खेळण्याचा आणखी एक लाभ डोळ्यांना होतो. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ शाळांतील पहिलीच्या मुलांची तीन वर्षे पाहणी झाली. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा जादा तास बाहेर मोकळ्या जागेत घेतला गेला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या शाळांत शंभरातील सुमारे ३० मुलांना लघुदृष्टिदोष जडला. इतर शाळांत हे प्रमाण सुमारे ४० होते. तसेच ५ ते १७ वर्षांच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटे दमछाक होईल अशी हालचाल व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

वेळ कोठून आणावा?

जैन घरांत ही अडचण थोडी वेगळी आहे. शाळा, शिकवणी, पाठशाळा आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण यांच्या मध्ये खेळाचा तास चेपला जातो. डिसेंबरात सहाच्या सुमारासच दिवस मावळतो. तेव्हा शाळेतून आल्यावर थोडे खाऊन मुलांनी थेट बाहेर जावे आणि शिकवणी जेवणानंतर ठेवावी, हा क्रम अनेक घरांना जमण्यासारखा आहे. उन्हाळ्यात सात वाजेपर्यंत उजेड असतो. तेव्हा हा तास आपोआप मोठा होतो.

आजी-आजोबांनी ओट्यावर किंवा बाकावर बसावे. वाहनांकडे आणि गच्चीच्या कठड्याकडे लक्ष ठेवावे. खेळात मात्र हात घालू नये. कपडे मळतील, गुडघा खरचटेल, ‘आम्ही कंटाळलो’ अशी तक्रारही येईल. तिला उत्तर म्हणून हाती मोबाइल देऊ नये. थोडा वेळ कंटाळू दिल्यावरच नवा खेळ सुचतो. ठिक्करची चौकट मुंग्यांच्या रांगेवर येत असेल, तर ‘रेघ जरा पलीकडे ओढा’ एवढेच सांगावे. जीवदयेचा पाठ त्या सरकलेल्या रेघेतून मुलांच्या मनात उतरतो.

वडील माणसे मुलांसाठी दुकान, जागा, ठेवी राखून ठेवतात. त्या यादीत दिवसाउजेडीचा एक मोकळा तासही असावा. तो पुढच्या वर्षासाठी शिल्लक टाकता येत नाही. मूल लहान आहे तोवर रोजच्या रोजच द्यावा लागतो.